केंद्राच्या जमिनीवर स्थानिकांचा अधिकार किती? युटाचा दावा आणि आपले कॅन्टोन्मेंट

प्रश्न: कॅम्पकर

अमेरिकेतील युटा राज्याने तेथील फेडरल सरकारविरुद्ध ऑगस्ट 2024 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 13 जानेवारी 2025 रोजी न्यायालयाने तो दावा दाखल करून घेण्यासच नकार दिला, हे सभासदांपैकी अनेकांनी वाचले असेल. राज्याच्या हद्दीतील 1 कोटी 85 लाख एकर जमीन फेडरल सरकारने कोणत्याही ठरावीक कामासाठी राखून न ठेवता नुसतीच ताब्यात ठेवली आहे आणि अशी बेमुदत मालकी घटनेत बसत नाही, असे युटाचे म्हणणे होते. आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, ही जमीन आपल्या पुणे जिल्ह्याच्या सुमारे पावणेपाच पट भरते आणि युटाच्या एकूण क्षेत्रफळाचा तो साधारण एकतृतीयांश भाग आहे.

मला यात रस असण्याचे कारण घरचेच आहे. आमचे बिऱ्हाड पुण्याच्या कॅम्पातील, म्हणजे लष्करी कॅन्टोन्मेंटमधील, एका जुन्या बंगल्याच्या आवारात आहे. त्या जागेचा सातबारा नाही. आहे तो जीएलआरचा, म्हणजे जनरल लँड रजिस्टरचा उतारा. त्यातील ‘लँडलॉर्ड’ या रकान्यात ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ असे आहे, वहिवाटदाराच्या रकान्यात आजोबांचे नाव आणि त्याखाली वारसांची नावे आहेत, वर्ग बी-3 आहे आणि हक्काच्या स्वरूपाच्या रकान्यात ‘ओल्ड ग्रँट’ (मालकी सरकारची ठेवून वापरायला दिलेली जुनी जागा) हे दोनच शब्द आहेत. घर आमचे, जमीन दिल्लीची, पाणी कॅन्टोन्मेंट बोर्डाचे आणि मतदान महाराष्ट्राच्या विधानसभेला, अशा चौकोनात आम्ही राहतो. त्यातच कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत विलीन करण्याचा प्रस्ताव गेली काही वर्षे चर्चेत आहे.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, आपल्या हद्दीतील एवढी जमीन केंद्राकडे राहते यावर युटासारख्या राज्याला कायदेशीर आक्षेप का घेता येत नाही, आपल्या राज्यघटनेत याच प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे का, आणि केंद्राच्या हातातून जमीन राज्याच्या किंवा महापालिकेच्या हाती गेली म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाचा अधिकार खरोखरच वाढतो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत अधिक हवे आहे.

उत्तर: लकडीपूल

युटाच्या दाव्यातील मुख्य अडचण इतिहासाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. राज्याची जमीन केंद्राने काढून घेतली, असे चित्र आपल्या मनात सहज उभे राहते, परंतु पश्चिम अमेरिकेत घटनाक्रम नेमका उलटा होता. युटा आणि नेवाडा हा सारा प्रदेश 1848 च्या तहान्वये मेक्सिकोकडून अमेरिकेच्या फेडरल सरकारकडे आला, तेव्हा ही राज्ये अस्तित्वातच नव्हती. युटाला राज्याचा दर्जा मिळाला 1896 मध्ये, आणि त्यासाठी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, 1894 मध्ये जो कायदा केला त्यात हद्दीतील वाटप न झालेल्या सार्वजनिक जमिनीवरील सर्व हक्क राज्यातील जनता कायमचा सोडून देत आहे, अशी अट होती. त्या बदल्यात प्रत्येक टाउनशिपच्या, म्हणजे जमीन मोजणीच्या चौकोनाच्या, 36 भागांपैकी 2, 16, 32 आणि 36 या क्रमांकांचे भाग शाळांच्या खर्चासाठी राज्याला मिळाले. राज्य होण्याची अटच जिथे हक्कसोड होती, तिथे सव्वाशे वर्षांनी ‘आमची जमीन परत द्या’ असे म्हणताना ‘परत’ हा शब्दच अडखळतो.

दुसरी गोष्ट घटनेतील तरतुदीची. अमेरिकन घटनेच्या चौथ्या अनुच्छेदाने फेडरल मालमत्तेविषयी नियम करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, आणि 1976 मधील क्लेपी विरुद्ध न्यू मेक्सिको या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ फार व्यापक लावला. वाद होता रानटी गाढवांचा. फेडरल जमिनीवर फिरणारी गाढवे पकडून विकण्याचा अधिकार राज्याला आहे की नाही, असा तो प्रश्न होता, आणि न्यायालयाने त्यावर काँग्रेसच्या बाजूने कौल दिला. फेडरल जमिनीवरचा राज्याचा कायदा तेवढ्यापुरता मागे सरतो, हे तेव्हापासून पक्के झाले.

युटाच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात फेडरल सरकारचे धोरण जमीन ठेवण्याचे नव्हते, वाटण्याचे होते. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे कसणाऱ्याला 160 एकर जवळजवळ फुकट मिळत. मध्यपश्चिमेकडील राज्यांची जमीन अशीच खासगी मालकीत गेली, म्हणून आयोवामध्ये फेडरल जमीन एक टक्काही उरलेली नाही, तर नेवाडात ती सुमारे 80 टक्के आणि युटात सुमारे 63 टक्के आहे. रखरखीत पठारावर 160 एकरांत कुटुंब जगत नाही, म्हणून तिथे कोणी जमीन मागितली नाही. पुढे 1934 मध्ये टेलर चराई कायदा आला आणि 1976 च्या फेडरल जमीन धोरण व व्यवस्थापन कायद्याने उरलेली जमीन यापुढे सर्वसाधारणपणे फेडरल मालकीतच राहील, असे जाहीर केले. वाटप चालू असताना आमच्या वाट्याला खडक आले आणि वाटपाचे दार बंद झाले ते आमच्या तोंडावर, अशी पश्चिमेकडील राज्यांची भावना आहे. नेवाडाने 1979 मध्ये या जमिनींवर हक्क सांगणारा कायदा केला आणि ‘सेजब्रश बंड’ या नावाने ओळखली जाणारी चळवळ उभी राहिली, ती या भावनेतूनच. न्यायालयात भावनेला किंमत नसते, एवढेच काय ते युटाला जानेवारीत कळले. तेही कारणे न देता, कारण नकाराचा आदेश एका ओळीचा होता.

आता आपल्याकडचे. राज्यसूचीतील नोंद 18 प्रमाणे जमीन हा राज्याचा विषय आहे, पण केंद्राची मालमत्ता आणि कॅन्टोन्मेंटमधील स्थानिक स्वराज्य या दोन्ही गोष्टी केंद्रसूचीत, अनुक्रमे 32 आणि 3 या नोंदींखाली आहेत. युटाच्या दाव्याचे भारतीय भावंड शोधायचे असेल तर ते पश्चिम बंगाल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सापडेल. कोळसा असलेली जमीन ताब्यात घेण्यासाठी संसदेने 1957 मध्ये कायदा केला आणि राज्याच्या मालकीची जमीन केंद्राला घेता येणार नाही, कारण राज्येही सार्वभौम आहेत, असा दावा पश्चिम बंगालने केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1962 मध्ये तो फेटाळला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवले. म्हणजे अमेरिकेत वाद होता तो केंद्राने आपली जमीन ठेवावी की नाही याचा, आणि आपल्याकडे केंद्राला राज्याचीही जमीन घेता येते, इथपर्यंत निकाल गेलेला आहे.

उत्तर: मुळाकाठ

लकडीपूल यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात मालकीखेरीज काहीच दिसत नाही. सामान्य माणसाचा संघर्ष मालकीवरून होत नाही, तो रस्त्यावरून होतो.

बोपखेलचे उदाहरण घ्या. या गावातून दापोडीकडे जाणारा रोजचा रस्ता लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीएमईच्या आवारातून होता. मे 2015 मध्ये तो नागरिकांसाठी बंद झाला. सुरक्षेचे कारण होते आणि जमीन संरक्षण खात्याची होती, याविषयी कोणाचाही वाद नव्हता. पण शाळकरी मुले, कामावर जाणाऱ्या बाया आणि दवाखान्यात न्यायचे म्हातारे यांना दिघीकडून मोठा वळसा पडला. शेवटी पिंपरी-चिंचवड महापालिकेने मुळा नदीवर खडकीच्या बाजूला पूल बांधला; त्यासाठीही पलीकडच्या काठावरची जमीन संरक्षण खात्याचीच असल्यामुळे परवानगीची आणि मोबदल्याची वर्षे वेगळी मोजावी लागली. या साऱ्या काळात गावकऱ्यांनी कोणाला जाब विचारायचा? नगरसेवक म्हणणार जमीन आमची नाही, लष्करी अधिकारी म्हणणार गाव आमचे नाही.

निगडी, रुपीनगर, तळवडे या भागांतील ‘रेड झोन’ची गोष्ट तर याहून विचित्र आहे. तिथे जमीन केंद्राची नाहीच, लोकांच्या नावावर सातबारा आहे. पण देहूरोडच्या दारूगोळा कोठाराच्या सीमेपासून 2,000 यार्डांपर्यंत 1903 च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली निर्बंध असल्यामुळे बांधकामाला परवानगी मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव आपले असले तरी वीट रचण्याचा निर्णय दिल्लीत होतो. इंग्रजी अमदानीतील तो कायदा झाला तेव्हा निगडी हे शेताडीतले गाव होते.

युटाविषयी वाचताना मला हेच जाणवले, की तिथेही खरी भांडणे रस्त्यांची आहेत. 1866 च्या एका खाणविषयक कायद्यात सार्वजनिक जमिनीवरून रस्ता काढण्याचा हक्क देणारे एकच वाक्य होते. 1976 मध्ये ती तरतूद रद्द झाली, पण आधी निर्माण झालेले हक्क शाबूत राहिले. मग कोणती पायवाट, कोणती बैलगाडीची चाकोरी 1976 पूर्वी वहिवाटीत होती, हे सिद्ध करण्यासाठी युटा आणि तेथील कौंट्यांनी (आपल्या जिल्ह्यांसारख्या स्थानिक विभागांनी) 12,000 हून अधिक रस्त्यांवर दावे लावले आहेत. साक्षीला म्हातारे पशुपालक येतात आणि लहानपणी या वाटेने मेंढरे नेली होती, असे सांगतात. आपल्याकडच्या पाणंद रस्त्याच्या तंट्यात तहसीलदारासमोर याहून वेगळे काय होते?

कॅम्पकर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. निदान ज्याला निवडणुकीत पाडता येते, त्याच्या हाती रस्ता असावा. कॅन्टोन्मेंट बोर्डात स्टेशन कमांडर पदसिद्ध अध्यक्ष, निम्मे सभासद नेमलेले आणि निम्मे निवडलेले, अशी 2006 च्या कायद्याची रचना आहे. त्यातल्या निवडलेल्या निम्म्यांचीही मुदत संपून गेली, एप्रिल 2023 च्या अखेरीस व्हायची म्हणून जाहीर झालेली निवडणूक रद्द झाली आणि कारभार नामनिर्देशित मंडळींकडे राहिला. याला स्थानिक स्वराज्य म्हणायचे असेल तर म्हणावे.

उत्तर: टेकडीवाला

निवडणुकीत पाडता येणाऱ्यांच्या हातात जमीन सुरक्षित राहते, या मुळाकाठ यांच्या विश्वासाचा मला हेवा वाटतो.

कोंढवा बुद्रुकचे प्रकरण आठवून पाहावे. तेथील 11.89 हेक्टर राखीव वनजमीन 1998 मध्ये राज्याच्या महसूल यंत्रणेने शेतीसाठी म्हणून वाटली आणि ती पुढे एका गृहनिर्माण संस्थेच्या हाती गेली. सर्वोच्च न्यायालयाने 15 मे 2025 रोजी ते वाटप आणि त्यानंतरची बिनशेती परवानगी बेकायदा ठरवली, जमीन वन खात्याला परत देण्याचा आदेश दिला, आणि देशभर महसूल खात्यांच्या ताब्यातील अशा राखीव वनजमिनी खासगी हातांत गेल्या आहेत का, हे तपासण्यासाठी प्रत्येक राज्याला विशेष पथक नेमायला सांगितले. या साऱ्यात जमीन वाटणारे दिल्लीत बसलेले नव्हते. महसूल मंत्री राज्याचेच होते आणि कागद पुण्याच्याच कार्यालयांतून फिरले.

वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती-पौड फाटा रस्ता घ्या. तो आखणारी महापालिका आपलीच आहे, केंद्राचा त्यात काही संबंध नाही, आणि तरीही त्याच्या विरोधात टेकडीवर रोज चालायला जाणाऱ्यांनाच उभे राहावे लागले. टेकडीचा खडक, त्यावरची हिवरा-सालईची झाडे आणि खाली मुरणारे पाणी यांना मतदार यादीत नाव नसते. मते असतात ती रस्त्याला.

अमेरिकेत राज्यांच्या हाती गेलेल्या जमिनींचे काय झाले, याचा हिशेब उपलब्ध आहे. नेवाडाला राज्य म्हणून सुमारे 27 लाख एकर जमीन मिळाली होती. आज त्यातली काही हजार एकर उरली आहे, बाकी विकली गेली. यात त्या लोकांचा स्वभावदोष काढण्याचे कारण नाही. शाळांसाठी मिळालेल्या जमिनीतून उत्पन्न काढणे हे राज्यावर बंधनकारक असते, आणि पडीक माळावरून उत्पन्न काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग तो विकणे हाच असतो. शिवाय वणव्याचा प्रश्न आहे. पश्चिमेकडील उन्हाळ्यात लागणारे वणवे विझवण्याचा खर्च आज मोठ्या प्रमाणावर फेडरल सरकार उचलते. जमीन राज्याकडे आली तर एका वाईट मोसमात त्याचे अंदाजपत्रक कोसळेल आणि जमीन विकायला काढण्याखेरीज गत्यंतर राहणार नाही.

म्हणूनच 2025 च्या जूनमध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडील राज्यांतील लाखो एकर फेडरल जमीन विकण्याची तरतूद अर्थविधेयकात घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिला विरोध करण्यात पर्यावरणवाद्यांच्या बरोबरीने शिकारी आणि मासे पकडणारे आघाडीवर होते, आणि हे लोक सहसा लीच्याच पक्षाला मत देतात. त्यांना फेडरल सरकारचे प्रेम नाही. पण बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या फेडरल खात्याच्या सुमारे 24 कोटी 50 लाख एकर जमिनीवर कोणाचीही परवानगी न घेता बंदूक खांद्यावर टाकून चालत जाता येते, आणि ती विकली गेली की कुंपण पडते, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. महिन्याच्या आतच ती तरतूद मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे केंद्र आले ते लगाम म्हणून आले. 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये वने हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आणला आणि 1980 च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा वनेतर वापर करायचा तर केंद्राची पूर्वमंजुरी आवश्यक केली. दोन्ही देशांत जमिनीबाबतचे हे वळण 1976 या एकाच वर्षी यावे, हा योगायोगच. कॅम्पातल्या बंगल्यांची झाडे आज उभी आहेत, ती बोर्डाच्या वृक्षप्रेमामुळे नव्हेत. तिथे मजले चढवता येत नाहीत, म्हणून आहेत. महापालिकेचा चटईक्षेत्र निर्देशांक लागू झाला की त्या चिंचा आणि वड किती पावसाळे पाहतील, याचा अंदाज कोथरूड आणि एरंडवण्यातल्या बंगल्यांचे काय झाले यावरून बांधता येईल.

उत्तर: हिशेबी

पैशाची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा पालिकेला कर लावता येत नाही, ही अडचण दोन्ही देशांत आहे. आपल्याकडे ती अनुच्छेद 285 मध्ये आहे. अमेरिकेने 1976 मध्ये कौंट्यांना करांच्या बदल्यात दरवर्षी रक्कम देण्याचा कायदा केला, आणि फेडरल जमिनीवरील खनिजांच्या स्वामित्वधनातील साधारण निम्मा वाटा संबंधित राज्याला मिळतो. आपल्याकडे करांऐवजी सेवाशुल्क आहे; राजकोट महापालिकेच्या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ठरले त्याप्रमाणे, केंद्राच्या मिळकतीला पालिकेच्या सर्व सेवा मिळत असतील तर मालमत्ताकराच्या 75 टक्के, काही मिळत असतील तर 50 टक्के आणि काहीच मिळत नसतील तरी 33⅓ टक्के. वसुली हा वेगळा विषय.

कॅन्टोन्मेंट बोर्डांचे दुखणे आणखी निराळे आहे. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात आणि तत्सम कर हा होता. ते कर जीएसटीत विरघळले. महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. बोर्डे केंद्राची म्हणून राज्य हात आखडते आणि केंद्राचे अनुदान पुरत नाही. विलीनीकरणाची चर्चा लोकशाहीच्या प्रेमातून सुरू झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी बोर्डांचे ताळेबंद पाहावेत.

उत्तर: कॅम्पकर

सर्वांचे आभार. मुळाकाठ आणि टेकडीवाला या दोघांचेही म्हणणे मला पटते आहे आणि त्यामुळे माझी अडचण वाढली आहे. केंद्र दूरचे आणि बेपर्वा, राज्य आणि महापालिका जवळची आणि विकाऊ, असेच जर असेल तर स्थानिक नियंत्रण या मागणीला अर्थ तरी काय उरतो? मालकी न बदलता निर्णयाचा अधिकार खाली आला, असे एखादे उदाहरण कोठे आहे का?

उत्तर: तेंदूपान

आहे, आणि ते महाराष्ट्रातच आहे. मी काही काळ गडचिरोलीत काम केले आहे, म्हणून लिहितो.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. जमिनीची मालकी सरकारचीच राहिली. ग्रामसभेला ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कोणाच्या नावावर करता येत नाही. मिळाला तो राखण्याचा, वापरण्याचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार. टेकडीवाला यांना ज्याची भीती आहे ती विक्री इथे अशक्य आहे, आणि मुळाकाठ यांना हवा आहे तो निर्णय इथे गावात होतो.

कागदावरून जंगलात उतरायला मात्र आणखी दोन वर्षे गेली. बांबू हे गौण वनोपज आहे की इमारती लाकूड, यावर वन खाते अडून बसले होते. गावाने बांबू तोडला तरी वाहतूक परवाना खात्याकडे, आणि परवान्याशिवाय ट्रक नाक्यापुढे सरकत नाही. एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्र्यांसह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. म्हणजे सारा अधिकार त्या पावतीपुस्तकात अडकला होता. तोडीचा हिशेब, मजुरी, कोणत्या भागात तोड करायची आणि कोणता भाग ठेवायचा, हे त्यानंतर ग्रामसभेत ठरू लागले, आणि या ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीने होतो, बहुमताने नव्हे. सगळेच गोजिरे आहे असे मी म्हणत नाही. बांबूचे व्यापारी, कंत्राटदार आणि त्यांची आगाऊ रक्कम यांचा दबाव जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांवर असतो, आणि हिशेब लिहिणारा तरुण गावात नसला तर पावतीपुस्तक पुन्हा दुसऱ्याच्या खिशात जाते.

ओडिशातील नियमगिरीच्या खाणप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. राज्य सरकार खाणीच्या बाजूने होते. तेव्हा ‘स्थानिक’ म्हणजे भुवनेश्वर की डोंगरावरचे डोंगरिया कोंध, हा प्रश्न तिथे उघड्यावर आला. युटाच्या चर्चेतही मला हेच खटकते. युटा आणि वॉशिंग्टन यांच्या या भांडणात दोघांच्याही आधी त्या भूमीवर असलेले लोक तळटिपेत जातात. बेअर्स इअर्स हा आग्नेय युटातील प्रदेश होपी, नाव्हाहो, झुनी आणि यूट वंशाच्या दोन अशा पाच जमातींच्या मागणीवरून ओबामांनी डिसेंबर 2016 मध्ये सुमारे 13 लाख 50 हजार एकरांचे राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला, ट्रम्प यांनी वर्षभरात तो सुमारे 85 टक्क्यांनी घटवला आणि बायडन यांनी 2021 मध्ये पूर्ववत केला. युटाचे राज्यकर्ते स्मारकाच्या विरोधात, पाच जमाती बाजूने; मग स्थानिकांचे म्हणणे कोणते धरायचे? जून 2022 मध्ये फेडरल खाती आणि या पाच जमाती यांच्यात सहव्यवस्थापनाचा करार झाला. मालकी फेडरलच, पण व्यवस्थापनाच्या टेबलाशी जमाती बसल्या. मेंढ्याची ती दूरची चुलत बहीण म्हणता येईल. फरक एवढाच की, मेंढ्याचा हक्क संसदेच्या कायद्याने दिलेला आहे आणि बेअर्स इअर्सचे भवितव्य दर निवडणुकीनंतर अध्यक्षांच्या सहीवर हेलकावे खाते.

कॅम्पातील बंगल्यांना वनहक्क कायदा लागू नाही, हे उघड आहे. पण मागायचे काय, हे त्यातून दिसते.

उत्तर: लकडीपूल

तेंदूपान यांच्या शेवटच्या वाक्यावरून कॅम्पकरांच्या उताऱ्याकडे परत येतो, कारण विलीनीकरणाविषयी बरेच गैरसमज आहेत.

हिमाचलमधील योल कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग एप्रिल 2023 मध्ये वगळण्यात आला आणि तेव्हापासून देशातील कॅन्टोन्मेंटची संख्या 62 वरून 61 झाली. उरलेल्यांसाठी संरक्षण मंत्रालयाने 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, त्यांनुसार नागरी सुविधांसाठी लागणारी मालमत्ता, म्हणजे रस्ते, शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या वगैरे, स्थानिक पालिकेकडे विनामूल्य जातील; पण जिथे जमिनीचा मालकीहक्क केंद्राचा आहे तिथे तो केंद्राकडेच राहील. त्यामुळे ‘लँडलॉर्ड’ या रकान्यातील नोंद विलीनीकरणाने बदलेल, अशी आशा किंवा भीती बाळगण्याचे कारण नाही. ओल्ड ग्रँटमध्ये सरकारला नोटीस देऊन आणि बांधकामाची भरपाई देऊन जागा परत घेण्याचा अधिकार असतो. तो अधिकार महापालिकेत गेल्याने आपोआप संपत नाही. बदलेल ते नळाचे बिल, मालमत्ताकर, बांधकाम परवानगी देणारी खिडकी आणि नगरसेवक. अर्थात टेकडीवाला यांची चटईक्षेत्राची भीती आणि मुळाकाठ यांची जबाबदारीची मागणी या दोन्ही गोष्टी त्या एकाच खिडकीशी येऊन मिळतात.

म्हणून हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा कॅम्पकर आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी महापालिका हवी की बोर्ड, यावर शक्ती घालवू नये, असे माझे मत आहे. जागा परत घेण्याच्या अधिकाराला मुदत आणि कारणांची मर्यादा असावी, ओल्ड ग्रँटचे रूपांतर ठरावीक अटींवर भाडेपट्ट्यात करण्याची वाट असावी, आणि बंगल्यांच्या आवारातील झाडे व मोकळी जागा यांवरील निर्बंध विलीनीकरणानंतरही अटींच्या रूपाने टिकावेत, हे मागावे. मालकी केंद्राकडे राहणारच आहे, तर केंद्राकडून अटी लिहून घेण्याची संधी हस्तांतराच्या आधीच असते.

त्याआधी एक तपासणी करावी. जीएलआर दोन ठिकाणी ठेवले जाते. अधिसूचित नागरी क्षेत्रातील जमिनीचे रजिस्टर बोर्डाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असते, आणि त्या क्षेत्राबाहेरील, म्हणजे बहुतेक बंगला एरियाचे, डिफेन्स इस्टेट ऑफिसरकडे. आपल्याला उतारा कोणत्या कार्यालयाने दिला, हे त्यावरील शिक्क्यावरून कळेल. शिक्का डीईओचा असेल तर आपला सर्व्हे नंबर नागरी क्षेत्राच्या रेषेबाहेर आहे, आणि वगळायच्या भागाचा नकाशा त्याच रेषेवर आखला गेला तर आपल्याला ही सारी चर्चा लागूच होणार नाही. नकाशा प्रसिद्ध होईल तेव्हा सर्वप्रथम ती रेषा पाहावी.